ओमाहात फिसकटलेलं डील: लिंकन कंपनी, ऑस्कर मिशो आणि 'द होमस्टेडर'

१९१८ साल, अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातलं ओमाहा शहर. जॉर्ज जॉन्सन नावाचा पोस्टातला एक कृष्णवर्णीय क्लार्क 'शिकागो डिफेंडर' या पेपरात 'द होमस्टेडर' या कादंबरीची जाहिरात बघतो आणि तिचा लेखक ऑस्कर मिशो याला पत्र टाकतो, की आमची फिल्म कंपनी आहे, तुमच्या पुस्तकावर पिक्चर काढायचा विचार आहे, हक्क विकणार का. लेखक कळवतो की हो, विकतो, पण माझ्या अटी आहेत. मग पत्रांवर पत्रं, लेखक स्वतः ओमाहाला येऊन जॉर्जच्या घरी बसून बोलणी करून जातो, कागद तयार होतात, आणि शेवटी डील फिसकटतं. इतकीच गोष्ट. पण पुढच्या चारपाच वर्षांत या दोघांपैकी एकाची कंपनी बंद पडली आणि दुसऱ्याने तीस वर्षांत चाळीसेक पिक्चर काढले, म्हणून हे प्रकरण नीट उलगडून बघण्यासारखं आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण आपल्याकडे हा सगळा भाग फारसा कुणाला माहीत नसतो. त्या काळात अमेरिकेत 'रेस पिक्चर' नावाचा एक वेगळा धंदाच होता. कृष्णवर्णीय नट, कृष्णवर्णीय प्रेक्षक, आणि बरेचदा (नेहमी नाही) पैसाही त्यांचाच. हॉलीवूडच्या पिक्चरमधे काळा माणूस असायचा तो नोकर, चोर नाहीतर विदूषक, आणि तोही अनेकदा तोंडाला काळं फासलेला गोराच. १९१५ मधे 'द बर्थ ऑफ अ नेशन' आला, त्यात तर कु क्लक्स क्लान, म्हणजे कृष्णवर्णीयांवर हल्ले करणारी गोऱ्यांची गुप्त टोळी, हीच हीरो. देशभर निदर्शनं झाली पण पिक्चर धो धो चालला. तेव्हा बऱ्याच जणांच्या मनात आलं की नुसता निषेध करून भागणार नाही, आपणच पिक्चर काढले पाहिजेत. त्याच वेळी दक्षिणेतून लाखो लोक उत्तरेकडच्या शहरांत कामाला येत होते. एकट्या शिकागोत १९१० ला ४४ हजार कृष्णवर्णीय होते ते १९२० ला १ लाख ९ हजार झाले. हातात पगार, संध्याकाळी मोकळा वेळ, आणि शेजारी थिएटर. म्हणजे गिऱ्हाईक तयार होतं.

एका बाजूला लिंकन मोशन पिक्चर कंपनी. १९१६ मधे लॉस एंजेलिसला सुरू झाली. अध्यक्ष आणि हीरो एकच, नोबल जॉन्सन, जॉर्जचा भाऊ. उंचापुरा, घोड्यावर बसता येणारा, युनिव्हर्सल स्टुडिओत रोजचं काम करणारा नट. त्याच्याबरोबर क्लॅरन्स ब्रुक्स हा दुसरा नट, जेम्स स्मिथ नावाचा पैसेवाला औषध दुकानदार, आणि हॅरी गँट नावाचा गोरा कॅमेरामन. पहिला पिक्चर 'द रिअलायझेशन ऑफ अ नीग्रोज अँबिशन', दोन रिळांचा. मग 'ट्रूपर ऑफ ट्रूप के', तीन रिळं, मेक्सिकोच्या हद्दीत लढलेल्या कृष्णवर्णीय घोडदळावरचा. मग 'द लॉ ऑफ नेचर', तोही तीनच. पिक्चर नीटनेटके, कष्ट करून वर येणारा शिकलेला तरुण असा हीरो, बायकापोरांना घेऊन बघावेत असे. लोकांना आवडतही होते.

वितरण बघायचा जॉर्ज, आणि तेही ओमाहातून, पोस्टातली नोकरी सांभाळून! हे मला या प्रकरणातलं सगळ्यात भारी वाटतं. याने कृष्णवर्णीय पेपरांत सिनेमा-नाटकावर लिहिणाऱ्या पत्रकारांनाच एजंट केलं. शिकागोत टोनी लँग्स्टन, न्यूयॉर्कमधे रोमिओ डॉहर्टी, दक्षिणेत डी. आयर्लंड थॉमस. म्हणजे जो परीक्षण लिहिणार तोच बुकिंगही घेणार. आजच्या हिशेबाने हे चक्क हितसंबंधांचं प्रकरण झालं, पण त्या वेळी अख्ख्या देशात कृष्णवर्णीय प्रेक्षकांची थिएटरं होती काही शे, ती पसरलेली हजारो मैलांवर, आणि कुठल्या गावात कुठलं थिएटर चालू आहे आणि मालक पैसे बुडवणारा आहे की नाही हे कळायला या पत्रकारांशिवाय दुसरी सोय नव्हती.

दुसऱ्या बाजूला ऑस्कर मिशो. जन्म १८८४, इलिनॉय राज्यातला, आईबाप दोघंही गुलामीत जन्मलेले. शिकागोत पडेल ती कामं केली, मग रेल्वेच्या पुलमन डब्यात, म्हणजे झोपायची सोय असलेल्या महागड्या डब्यात, पोर्टर झाला, देश फिरला, पैसे साठवले, आणि १९०५ च्या सुमाराला साउथ डकोटात जमीन घेऊन शेती करायला लागला. (जमीन रोझबड रिझर्वेशनची, म्हणजे सू या तिथल्या मूळ रहिवासी लोकांसाठी राखलेली आणि त्यांच्या हातून सुटलेली. मिशोच्या धडपडीचं कौतुक करताना हे सोयीस्करपणे विसरलं जातं.) आजूबाजूला सगळे गोरे शेतकरी. १९१० मधे शिकागोतल्या एका पाद्र्याच्या मुलीशी लग्न केलं, ते सासऱ्यामुळे मोडलं असं मिशोचं म्हणणं. मग दुष्काळ, जमीन गेली. मग गडी लेखक झाला. १९१३ ला पहिलं पुस्तक 'द कॉन्क्वेस्ट', ते स्वतःच्या खर्चाने छापलं आणि दारोदार फिरून विकलं, शेजारच्या गोऱ्या शेतकऱ्यांकडून आगाऊ ऑर्डरी घेऊन. तिसरं पुस्तक 'द होमस्टेडर', १९१७, तोपर्यंत मुक्काम आयोवातल्या सू सिटीला. यात स्वतःचीच कहाणी पुन्हा, फक्त मसाला जास्त. हीरो कृष्णवर्णीय शेतकरी, त्याचं प्रेम एका स्कॉटिश शेतकऱ्याच्या मुलीवर, पण समाजाचं काय म्हणून तो आपल्याच वंशातली पाद्र्याची मुलगी करतो, सासरा ढोंगी निघतो, संसाराची वाट लागते, आणि शेवटी कळतं की त्या पहिल्या मुलीच्याही अंगात कृष्णवर्णीय रक्त आहे. मग गोड शेवट.

आता डील कशावर अडलं ते बघू.

पहिला मुद्दा रिळांचा. मिशोला सहा रिळांहून कमी नको होतं. लिंकनने तोवर तीनच्या वर काही केलेलं नव्हतं. आज वाचताना वाटेल की हा काय लेखकाचा हट्ट, पण यात धंद्याचं गणित आहे. एक रीळ साधारण हजार फुटांचं, म्हणजे दहा ते पंधरा मिनिटं. तीन रिळांचा पिक्चर पाऊण तासात संपतो, मग थिएटरवाला त्याला इतर दोन विनोदी रिळं आणि स्टेजवरची गाणीबजावणी यांच्या मधे बसवतो आणि भाडंही तसंच किरकोळ देतो. सहा-आठ रिळांचा पिक्चर म्हणजे संध्याकाळचा मुख्य माल, तिकीट वाढवता येतं, जाहिरात वेगळी करता येते, भाडं वाढवून मागता येतं. थिएटरांची संख्या तर वाढणार नव्हती. मग प्रत्येक थिएटरमागे जास्त पैसे काढणे हाच मार्ग उरतो. हे मिशोला कळलेलं होतं आणि लिंकनवाल्यांना तेव्हा पटलेलं दिसत नाही. गंमत म्हणजे १९२१ मधे लिंकनने शेवटचा मोठा पिक्चर काढला, 'बाय राइट ऑफ बर्थ', तो सहा रिळांचा!

दुसरा मुद्दा विषयाचा. काळा हीरो आणि (निदान वरवर तरी) गोरी मुलगी हे लिंकनच्या सभ्य चौकटीत बसत नव्हतं. त्यावर मिशोने पत्रात जे लिहिलं ते मला वाटतं त्या काळातलं सगळ्यात रोखठोक मार्केटिंगचं वाक्य असेल. तो म्हणतो की 'वेगवेगळ्या वंशांनी आपसात लग्नं करावीत का' असं पोस्टरवर छापा, लोकांना पिक्चर बघायची जेवढी उत्सुकता त्याने लागेल तेवढी दुसऱ्या कशानेच लागणार नाही. म्हणजे वाद होईल म्हणून जॉर्ज कचरत होता आणि मिशो नेमकं तेच विकायला निघाला होता. आणि हे लक्षात घ्या की तेव्हा अमेरिकेतल्या कितीतरी राज्यांत असं लग्न हा कायद्याने गुन्हा होता, त्यामुळे जॉर्जची भीती काही पोकळ नव्हती.

तिसरा मुद्दा, ज्यावर खरं तर गाडी थांबली. मिशोला लॉस एंजेलिसला येऊन शूटिंगवर स्वतः देखरेख करायची होती. लिंकनवाले म्हणाले की बाबा तुला सिनेमातलं काय कळतं, तू आयुष्यात एक फूट फिल्म काढलेली नाहीस. मला विचाराल तर हे म्हणणं शंभर टक्के रास्त होतं. नोबलला रोज कॅमेऱ्यासमोर उभं राहायचा अनुभव, गँटला कॅमेरा चालवायचा, आणि हा सू सिटीचा पुस्तकविक्या येऊन आम्हाला शिकवणार? त्यांच्या जागी दुसरं कुणी असतं तरी हेच म्हणालं असतं. बऱ्याच ठिकाणी हे प्रकरण असं रंगवतात की लिंकनवाले घाबरट आणि मिशो द्रष्टा, ते मला पटत नाही. त्यांना जी माहिती होती तिच्यावरून माणूस ओळखण्यात त्यांची चूक झाली नव्हती, चूक झाली ती लांबीच्या मुद्द्यावर.

डील मोडल्यावर मिशोने काय केलं? 'मिशो बुक अँड फिल्म कंपनी' काढली आणि ज्यांना पुस्तकं विकली होती त्याच सू सिटीच्या आसपासच्या गोऱ्या शेतकऱ्यांना शेअर विकले, ७५ ते १०० डॉलरला एक. बघा म्हणजे, कृष्णवर्णीय प्रेक्षकांसाठी कृष्णवर्णीय माणसाने काढलेल्या पिक्चरला पैसा आयोवाच्या गोऱ्या मक्याच्या शेतकऱ्यांचा. त्यांचा विश्वास सिनेमावर नव्हता, ते तर शिकागोच्या साउथ साइड या कृष्णवर्णीय वस्तीतल्या थिएटरात कधी पाऊलही टाकणार नव्हते, त्यांचा विश्वास होता समोरच्या माणसावर, जो वर्षानुवर्षं त्यांच्या ओट्यावर येऊन पुस्तक देऊन पैसे घेऊन गेलेला. बँकेने दारात उभं केलं नसतं अशा माणसाला हे भांडवल मिळालं.

शूटिंग शिकागोत आणि साउथ डकोटात. इव्हलिन प्रीअर नावाची नटी याच पिक्चरमधून पुढे आली. लांबी किती, तर आठ रिळं! २० फेब्रुवारी १९१९ ला शिकागोच्या एट्थ रेजिमेंट आर्मरीत पहिला खेळ. ही आर्मरी म्हणजे शहरातल्या कृष्णवर्णीय पलटणीची इमारत, आणि त्याच महिन्यात ती पलटण फ्रान्समधून लढून परत आलेली, सगळा मोहल्ला अभिमानाने फुललेला. जागा आणि वेळ दोन्ही अचूक साधलं.

मग व्हायचं तेच झालं. शिकागोतल्या तीन पाद्र्यांनी तक्रार केली की यातला ढोंगी धर्मगुरू आमच्यातल्याच एका नामवंतावर बेतलाय. तसा तो होताच, खऱ्या सासऱ्याचं नाव मॅकक्रॅकन आणि पुस्तकातल्याचं मॅकार्थी, लपवायचा फारसा प्रयत्नच नव्हता! सेन्सॉरने पिक्चर अडवला. शहरातल्या मान्यवरांना दाखवून तो पुन्हा पास झाला, आणि मिशोने काय करावं, पुढच्या जाहिरातीतच छापलं की तीन पाद्र्यांनी विरोध करूनही सेन्सॉरने पास केलेला पिक्चर, आणि विरोध कशासाठी होता तेही वर सांगितलं. पोस्टरची जी कल्पना जॉर्जला पत्रातून पटवता आली नव्हती तिचाच हा प्रयोग, फक्त मसाला लग्नाऐवजी पाद्र्याचा.

त्याच काळात लिंकनकडे काय चाललं होतं तेही बघितलं पाहिजे. सप्टेंबर १९१८ मधे नोबलने कंपनी सोडली. कारण युनिव्हर्सलने त्याला सांगितलं की तुझे लिंकनचे पिक्चर आमच्याच पिक्चरच्या समोर लागतात आणि गर्दी तिकडे जाते, एक काय ते ठरव. नोबलचं घर युनिव्हर्सलच्या पगारावर चालायचं, तो काय करणार. हा माणूस पुढे हॉलीवूडमधे खूप वर्षं टिकला, १९३३ च्या 'किंग काँग'मधे बेटावरच्या टोळीचा सरदार तोच आहे, पण स्वतःच्या कंपनीचा हीरो पुन्हा झाला नाही. लगेच शरद ऋतूत इन्फ्लुएंझाची साथ आली, शहराशहरांत थिएटरं बंद. लिंकनला पिक्चर लावायला थिएटर नाही. मिशोचं नशीब असं की त्या महिन्यांत तो शूटिंगमधे अडकलेला होता आणि त्याचा माल बाजारात आला तेव्हा थिएटरं उघडलेली होती. हा भाग हुशारीचा नाही, निव्वळ योगायोगाचा, आणि मिशोचं गुणगान गाताना तो वजा करायला हवा.

तरीही योगायोग बाजूला ठेवला तरी एक फरक उरतोच. लिंकनमधे प्रत्येकाची भाकरी दुसरीकडे होती. नोबलची युनिव्हर्सलमधे, जॉर्जची पोस्टात, स्मिथची दुकानात. त्यामुळे नुकसान झालं तरी घर चालायचं हे खरं, पण कंपनी ही कायम उरलेल्या वेळातली गोष्ट राहिली आणि जिथे पगार आणि कंपनी यांत निवड करायची वेळ आली तिथे पगार जिंकला. मिशोकडे दुसरं काही नव्हतंच, शेती गेलेली, बायको गेलेली. तो स्वतः गाडी घेऊन गावोगाव फिरायचा, लांबलचक कोट आणि मोठी हॅट अशा थाटात थिएटर मालकाच्या ऑफिसात शिरायचा, पुढच्या पिक्चरचे फोटो टेबलावर टाकायचा, कधी नटालाच बरोबर नेऊन तिथल्या तिथे सीन करून दाखवायला लावायचा आणि न काढलेल्या पिक्चरचा ॲडव्हान्स घेऊन बाहेर पडायचा. पिक्चरच्या प्रती मोजक्याच, त्या एका गावाहून दुसऱ्या गावी फिरत राहायच्या, आपल्याकडे जत्रेतले तंबूवाले एकच पेटी घेऊन फिरत तशा. दक्षिणेत गोऱ्यांच्या थिएटरातही शिरकाव करायचा, तिथे कृष्णवर्णीयांना एरवी वरच्या बाल्कनीत नाहीतर प्रवेशच नाही, पण रात्री उशिरा खास त्यांच्यासाठी खेळ लावायला मालक तयार व्हायचे कारण रिकाम्या खुर्च्यांचे पैसे होतात. याला मिडनाइट रॅम्बल म्हणत.

या पद्धतीची किंमतही होती. पैसा कायम पुढच्या पिक्चरचा, त्यामुळे रीटेक नाहीत, ओळखीच्यांच्या घरात शूटिंग, जे मिळेल त्या उजेडात काम, नट चुकला तरी तसंच पुढे. लिंकनचे पिक्चर त्यापेक्षा सफाईदार होते असं तेव्हाचे लोक सांगत. आणि १९२८ मधे मिशोनेही दिवाळं काढलंच. नंतर बोलपटाच्या काळात हार्लेम या न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय वस्तीतल्या गोऱ्या थिएटरवाल्यांचा पैसा घेऊन पुन्हा उभा राहिला, १९३१ चा 'द एक्झाइल' त्यातला. म्हणजे स्वतंत्र म्हणावा तर पैसा बहुतेक वेळा गोऱ्यांचा, सुरुवातीलाही आणि नंतरही, फक्त पिक्चरमधे काय दाखवायचं ते तो स्वतः ठरवायचा. ओमाहात त्याने जी अट सोडली नाही ती हीच.

मधला मार्ग होता का? मला वाटतं होता. पिक्चर मिशोने स्वतःच्या पैशाने काढायचा, बदनामी झाली तर त्याची, आणि वितरण जॉर्जने त्याच्या एजंटांमार्फत करून टक्केवारी घ्यायची. जॉर्जचं जाळं तेव्हा देशात सगळ्यात चांगलं होतं आणि मिशोला तेच नव्याने उभं करायला कितीतरी वर्षं गाडी हाकावी लागली. पण दोघंही हक्कांवरच बोलत राहिले, कारण तेव्हा कंपनी म्हणजे पिक्चर काढणारी अशीच समजूत होती, जॉर्जचीसुद्धा. आपल्याकडची खरी मालमत्ता पिक्चर नसून तो पत्त्यांचा आणि थिएटरांचा कागद आहे हे त्याला तेव्हा जाणवलं असतं तर लिंकन कंपनी १९२० च्या दशकात सहज तगली असती. १९२३ पर्यंत ती संपलेली होती.

आता हे सगळं आपल्याला इतक्या तपशिलात कळतं कसं, तर जॉर्जमुळेच. या माणसाने पत्रं, जाहिराती, कात्रणं, सगळं जपून ठेवलं, कंपनी बुडाल्यावरही मिशोबद्दल आणि बाकी रेस पिक्चरबद्दल कागद गोळा करत राहिला. तो संग्रह आज लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात आहे. मिशोच्या स्वतःच्या कंपनीचे कागद जवळपास गेलेच, त्यामुळे मिशोवर लिहिणाऱ्या प्रत्येकाला जॉर्जच्या फाइली उघडाव्याच लागतात. 'द होमस्टेडर'चा एक फूटही शिल्लक नाही. लिंकनचे सगळे पिक्चर गेले, 'बाय राइट ऑफ बर्थ'ची चारेक मिनिटं तेवढी उरली.

मिशोचे मूकपट वीसहून जास्त होते, त्यातले तीन आज बघता येतात. त्यातला 'विदिन अवर गेट्स' जरूर बघा, 'होमस्टेडर'नंतर लगेच काढलेला, जानेवारी १९२० मधे शिकागोत लागलेला. १९१९ च्या जुलैत तिथे वांशिक दंगल होऊन ३८ माणसं मेली होती आणि या पिक्चरमधे जमावाने निष्पाप कुटुंबाला फासावर चढवल्याचं उघड दाखवलंय, त्यामुळे सेन्सॉरपासून पोलिसांपर्यंत सगळ्यांची तंतरली होती. त्याची एकुलती एक प्रत माद्रिदच्या फिल्म संग्रहालयात 'ला नेग्रा' या नावाने सापडली, पाट्या जवळजवळ सगळ्या स्पॅनिशमधे, त्या परत इंग्रजीत करून लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९९३ मधे पिक्चर पुन्हा उभा केला. नेटवर फुकट आहे. पहिला अर्धा तास पात्रांची ओळख लक्षात ठेवताना जरा दमायला होतं, नंतर नायिका सिल्व्हियाची जुनी हकीकत सुरू होते तिथून मात्र फोन बाजूला ठेवा.